बैठक अशी घ्यावी, की दुसऱ्या दिवशी काम उभे राहील



या पत्रिकेत आपण नेहमी बियाणे, खते, रोग-किडी यांची माहिती वाचता. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो आहे बैठकीचा. सोसायटी, ग्रामसभा, पाणीवापर संस्था, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, नाहीतर देवळाच्या ओट्यावर भरणारी गावकी; बैठकीशिवाय आपले एकही सामाईक काम होत नाही. आणि तरीही बैठकीहून घरी परतताना आपण काय म्हणतो? "चहा झाला, भाषणं झाली, काम तेवढं राहिलं."

बियाणे वाईट निघाले तर एक हंगाम जातो. निर्णय वाईट झाला, किंवा झालाच नाही, तर किती हंगाम जातात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेच आधी सांगतो.

खांडीची गोष्ट

खाडीकाठच्या एका गावात खारबांधाला खांड पडली होती. बांध सरकारी योजनेतला नव्हता, गावानेच राखायचा होता. खांड लहान होती, दहा-बारा हात. माघ महिन्यात बैठक बोलावली. मलाही बोलावले. माणसे चांगली जमली. मी उभा राहिलो आणि भातखताच्या मात्रेवर पाऊण तास बोललो. ती माझी पहिली चूक. बांधाचा विषय निघाला तेव्हा निम्मे लोक जांभया देत होते.

तरी सगळे एका आवाजात म्हणाले, "बांध करायचाच!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "माती कुठशी आणणार, ते तर सांगा." त्यांचे शेत खांडीच्या तोंडाशी होते. कोणीतरी म्हणाले, "ते बघू, आजी. आधी ठरू तर दे." बैठक संपली. वहीत एवढेच लिहिले गेले: बांधाबाबत चर्चा झाली व एकमताने मंजुरी देण्यात आली.

खरा प्रश्न आजींचाच होता. चिकण माती कोणाच्या शेतातून काढायची? आपल्या शेतात खड्डा पडावा असे कोणाला वाटेल? ते ठरले नव्हते, म्हणून कोणीच पहिले घमेले उचलले नाही. फाल्गुन गेला, चैत्र गेला, पुन्हा बैठक झाली नाही. मी विचारायला गेलो नाही. ती माझी दुसरी चूक. आषाढातल्या अमावस्येच्या उधाणाने दहा हातांची खांड साठ हातांची केली. खारे पाणी शेतात शिरले. आवणी केलेले भात पिवळे पडून गेले. आणि आपल्याला ठाऊकच आहे, शेतात बसलेले मीठ एका पावसाने जात नाही. पुढची दोन वर्षेही तिथे धड पीक आले नाही.

त्या गावात फूट नव्हती, आळस नव्हता, पैशाचीही फार अडचण नव्हती. एकमत होते. फक्त कोण, काय, कुठून आणि केव्हापर्यंत, हे ठरले नव्हते. उधाण तिथी पाहून येते. आपली बैठक तहकूब झाली म्हणून ते थांबत नाही.

आपल्या पट्ट्याला याची गरज जास्त का?

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून महाप्याला जाऊन पाहा. पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधला हा पट्टा एके काळी भातखाचरांचा होता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या पट्ट्यात कारखान्यांची वसाहत उभी राहिली. १९७० साली सिडको आली. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. जिथे खळी होती तिथे आज कारखाने आणि काचेच्या इमारती आहेत.

जमिनीच्या व्यवहारात शेतकरी एकेकटा कचेरीत उभा राहतो, तेव्हा त्याचे बळ त्याच्या एका सातबाऱ्याएवढेच असते. गावे एकत्र बसून एका तोंडाने बोलतात, तेव्हा गोष्ट बदलते. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली गावे उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची योजना आली.

त्याआधीचे उदाहरण अलिबाग तालुक्यातल्या चरीचे. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीच्या सभेत शेतकऱ्यांनी ठरवले, की खोतांची जमीन कसायची नाही. हा संप सहा वर्षे चालला. लोकांनी लाकूडफाटा विकून, मासळी मारून, मोलमजुरी करून दिवस काढले, पण शब्द मोडला नाही. एका संध्याकाळच्या टाळ्यांवर सहा वर्षे काढता येत नाहीत. ज्यांना उपाशी राहायचे होते, त्यांनीच तो निर्णय घेतला होता, म्हणून तो टिकला.

आता मोठे लढे सोडा. आपल्या रोजच्या कामालाही हाच नियम लागू आहे: ज्याला काम करायचे आहे, त्याला ठरवण्यात वाटा हवा; आणि जे ठरले ते कागदावर हवे.

रेडिओने शिकवलेली रीत

बैठकीचे हे तंत्र आपल्याकडे रेडिओनेच एकदा शिकवले होते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवली. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम होई. गावातली वीसेक माणसे एकत्र बसून तो ऐकत आणि मग रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करीत. प्रत्येक मंडळात एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. काय बोलणे झाले, काय ठरले, कोणते प्रश्न उरले, हे निमंत्रक लिहून आकाशवाणीला कळवीत असे. ही कल्पना मूळची कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत. त्यांचे सूत्र होते: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा.

यात शेवटचे पाऊल कृतीचे आहे, हे ध्यानात घ्यावे. आता बैठक प्रत्यक्ष कशी घ्यावी ते क्रमाने पाहू.

१. बैठकीच्या आधी

बैठक कशासाठी आहे, हे बोलावतानाच सांगावे. "मंगळवारी बैठक आहे, या" एवढे पुरत नाही. "मंगळवारी पूर्वेकडच्या बांधाची खांड केव्हा व कशी बुजवायची ते ठरवायचे आहे" असे सांगावे. मग ज्याचे शेत तिथे आहे तो नक्की येतो, आणि विचार करून येतो. निरोप मोबाईलवरच्या गटात टाकावाच, पण ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्या घरीही कोणीतरी जावे.

विषय तीन-चारच ठेवावेत. सगळ्यांत अवघड आणि महत्त्वाचा विषय पहिला घ्यावा. पाहुण्यांचे सत्कार आणि आमच्यासारख्यांची भाषणे शेवटी ठेवावीत, नाहीतर ठेवूच नयेत.

वेळ सर्वांच्या सोयीची असावी. आवणीच्या दिवसांत किंवा बाजाराच्या दिवशी बैठक ठेवू नये. दिवेलागणीला, चुलीच्या वेळी बैठक ठेवली की बाया येत नाहीत. आणि शेतातले बरेचसे काम त्यांच्याच हातचे असते. नेहमीच्या ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी असे कायदाही सांगतो. ती कागदावर उरकू नये.

लागणारी माहिती आधी गोळा करावी. खांड किती हात, माती किती ब्रास, ट्रॅक्टरचे भाडे किती, हे दोघांनी जाऊन मोजून यावे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला ग्रामसभेत पिकांचे ठरते ते असेच: पाऊस किती पडला ते आधी मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. आकडा समोर असला की आवाज आपोआप खाली येतो.

२. बैठक चालू असताना

ठरलेल्या वेळी बैठक सुरू करावी. उशिरा येणाऱ्यांची वाट पाहिली, तर वेळेवर आलेल्यांना शिक्षा होते. पुढच्या वेळी तेही उशिरा येतात.

कामाचे तीन भाग पाडावेत. आधी माहिती, मग वेगवेगळे मार्ग, आणि शेवटी निर्णय. आपल्याकडे भांडणे होतात ती बहुधा हे तीन एकत्र मिसळल्यामुळे. एकजण खर्च सांगत असतो, दुसरा उपाय सांगत असतो, तिसरा "मला हे मान्यच नाही" म्हणून उठतो.

अध्यक्षाने स्वतःचे मत सर्वांत शेवटी सांगावे. सरपंच किंवा चेअरमन पहिल्यांदाच "माझ्या मते असं करावं" म्हणाले, की पुढे फक्त माना डोलतात. अध्यक्षाचे काम बोलण्याचे कमी आणि बोलते करण्याचे जास्त. एकाच माणसाने दुसऱ्यांदा बोलण्याआधी, जे अजून बोलले नाहीत त्यांना विचारावे. मागे कोण बसले आहे ते पाहावे. खांडीच्या तोंडाशी ज्यांचे शेत, त्या आजी मागेच बसल्या होत्या.

विषय भरकटला तर "हे पुढच्या बैठकीला घेऊ" म्हणून तो वहीत नोंदवावा. नोंद केली की बोलणाऱ्याचा मान राहतो, आणि बैठकही मार्गावर राहते. जुनी भावकीची भांडणे मात्र बैठकीच्या दाराबाहेरच ठेवावीत.

आणखी एक. ज्याला त्या कामाचे कंत्राट मिळणार आहे, किंवा ज्याचाच ट्रॅक्टर भाड्याने लावायचा आहे, त्याने माहिती द्यावी आणि निर्णयाच्या वेळी बाजूला बसावे. यात त्याचा अपमान नाही. उलट पुढे त्याच्यावर कोणी बोट दाखवू शकत नाही.

३. निर्णय कसा करावा

आधी माप ठरवावे, नावे नंतर घ्यावीत. कोणाला किती, हा प्रश्न नावे घेऊन सुटत नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे माप ठरले, की पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, तर घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस घ्यायचा नाही. हे माप सर्वांनी मान्य केल्यावर कोणाला किती पाणी, यावर वाद घालायला फारशी जागा उरली नाही. आपल्या बांधाचेही तसेच. एकरी किती माणसे द्यायची हे आधी ठरवावे. मग ज्याचे एकर जास्त, त्याची माणसे जास्त.

मत घ्यावे की एकमत करावे? गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीची वाट धरली आहे. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलतात, पुन्हा बसतात. त्यासाठी गावात अभ्यासगटही चालतात. याला वेळ लागतो, पण निर्णय झाला की तो सगळ्या गावाचा होतो.

आपल्याला नेहमीच इतका वेळ नसतो. पण एक हिशेब करून पाहा. चाळीस जणांच्या बैठकीत एकवीस 'हो' म्हणाले आणि एकोणीस 'नाही'. ठराव मंजूर झाला. आता बांधावर घमेली उचलायला किती जण येतील? जे काम सर्वांच्या हातांनी व्हायचे आहे, ते निसटत्या बहुमतावर उभे राहत नाही. अशा वेळी विरोध करणाऱ्याला "तुमचा विरोध का?" एवढेच विचारून थांबू नये. "काय बदललं तर तुम्हाला चालेल?" असे विचारावे. बहुतेक वेळा त्याची अट लहान असते. खड्डा माझ्या शेतात नको, एवढीच.

इतके करूनही एकमत झाले नाही आणि काम थांबण्यासारखे नसेल, तर मत घ्यावे. हात वर करायला लोक कचरत असतील, तर चिठ्ठ्या टाकाव्यात. विरोधी मत आणि त्याचे कारण वहीत लिहावे. पुढे कदाचित तेच खरे ठरते.

४. नियमांचे थोडेसे

गावकीच्या बैठकीला कायद्याची चौकट नसते. पण नोंदणी झालेल्या संस्थेला असते. काही गोष्टी माहीत असाव्यात:

ग्रामसभेच्या आर्थिक वर्षात किमान चार बैठका व्हायला हव्यात. गणसंख्या एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी असेल ती.

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते.

शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांतून एकदा तरी, आणि वर्षात किमान चार वेळा व्हावी. गणसंख्या संचालकांच्या एक तृतीयांश, पण तिघांपेक्षा कमी नाही.

बाकी नोटीस किती दिवसांची आणि अध्यक्षाला निर्णायक मत आहे की नाही, हे कायद्यात किंवा आपल्या संस्थेच्या उपविधीत असते. उपविधीची एक प्रत बैठकीच्या जागी ठेवावी. कपाटात कुलपात ठेवलेला नियम कोणाच्या उपयोगाचा नाही.

५. ठराव असा लिहावा

"चर्चा झाली, मंजुरी दिली" याला ठराव म्हणू नये. खालचा नमुना पाहा:

विषय: पूर्वेकडील बांधाची खांड बुजवणे.
काय ठरले: खांड दगड-मातीने बुजवून बांध दोन हात उंच करणे.
माती कुठून: गावाच्या सामाईक जागेतून. खाजगी शेतातून काढू नये.
माप: एकरी दोन माणसे, प्रत्येकी एक दिवस. माणूस न दिल्यास एका दिवसाची मजुरी भरावी.
कोण: कामाची जबाबदारी अमुक यांची, हिशेब तमुक यांचा. (पूर्ण नावे लिहावीत. 'समिती' असे लिहू नये.)
केव्हापर्यंत: फाल्गुन अमावस्येच्या आत.
पाहणी: पौर्णिमेला दोघांनी जाऊन पाहावे व गटात कळवावे.
विरोध: एक. कारण: दगड लांबून आणावा लागेल.

उठण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याच्यावर काम टाकले, त्याने तिथेच "होय, मी करतो" म्हणावे. मग सह्या-अंगठे घ्यावेत. कोऱ्या पानावर सही करू नये, कोणी कितीही घाई केली तरी. जे आले नाहीत, त्यांना दोन दिवसांच्या आत ठराव सांगावा, नाहीतर "आम्हाला कुठं विचारलं?" हे वाक्य ठरलेलेच.

६. पुढची बैठक

पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या ठरावांनी करावी. प्रत्येक ठरावासमोर तीनपैकी एक गोष्ट लिहावी: झाले, चालू आहे, झाले नाही. झाले नसेल तर का, ते विचारावे. रागाने विचारू नये. अडचण असेल तर दुसरा माणूस जोडून द्यावा. पण विचारावे जरूर. आपल्याला विचारले जाणार आहे हे माहीत असले, की कामाला पाय फुटतात.

शेवटी

त्या गावाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तिसऱ्या वर्षी माघातच पुन्हा बैठक झाली. या वेळी मी भाषण केले नाही. पहिला प्रश्न आजींनाच विचारला. मातीची जागा ठरली, एकरी माणसे ठरली, नावे लिहिली गेली. शाळेच्या साध्या वहीचे एक पान लागले. होळीच्या आधी खांड बुजली. शेतातले मीठ धुऊन जायला आणखी पाऊस लागला. तोवर लोकांनी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या, खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती लावल्या. खांड बुजवायला लागले तेरा दिवस. पहिल्याच वर्षी लागले असते, तर चारच.

तेव्हा आपल्या पुढच्या बैठकीत एवढे करून पाहा. उठण्यापूर्वी कोणीतरी एकाने विचारावे: "कोण करणार, कशानं करणार, केव्हापर्यंत करणार?" या तिन्हींची उत्तरे वहीत असतील तर बैठक झाली. नसतील तर पुन्हा बसा. चहा नंतर घ्या.

आपल्या बैठकीतल्या अडचणी व प्रश्न आम्हाला जरूर लिहून कळवा. कार्यक्रम ऐकताना शेजाऱ्यालाही सोबत घ्या, आणि तो संपल्यावर रेडिओ बंद करून दहा मिनिटे आपसांत बोला.

— आपला कृषी विस्तार अधिकारी